आजोळचं मळ्यातलं दगडी घर: भिंत फुगली आहे, पाडायचं नाही. माहिती हवी

गोदाकाठ | ८ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझं आजोळ निफाड तालुक्यात. गोदावरीपासून दीडेक मैल आत, गावापासून लांब, मळ्यात. घर दगडी आहे. किती जुनं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. आजोबा म्हणायचे, "माझ्या आजाच्या हातचं." सध्या थोरले मामा-मामी राहतात. धाकटे मामा नाशिकरोडला असतात.

गेल्या आठवड्यातल्या वळवाच्या पावसात पश्चिमेच्या भिंतीने पोट काढलं. आठ-नऊ फुटांचा पट्टा बाहेर आलाय, मधोमध चार बोटं तरी असेल. मामांनी तालुक्याहून गवंडी बोलावला. त्याने दोनच उपाय सांगितले: दोन्ही बाजूंनी जाळी मारून सिमेंटचा गिलावा करा, नाहीतर पाडून स्लॅबचं घर बांधा. धाकट्या मामांना दुसरा उपाय पटलाय. थोरले मामा गप्प आहेत, आणि ते गप्प बसले की मला भीती वाटते.

घर कसं आहे ते सांगते. कमरेच्या वर येईल एवढं उंच जोतं, पाच पायऱ्या, मग ओसरी. ओसरीला सागाचे सहा खांब. प्रत्येकाखाली कोरलेला तळखडा, त्यावर कमळाच्या पाकळ्या. लहानपणी आम्ही त्या पाकळ्यांत चिंचोके ठेवून खेळायचो. ओसरीमागे माजघर, डावीकडे देवघर, उजवीकडे स्वयंपाकघर. मधल्या दोन खणांवर (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण) माडी आहे, तिच्यावर मंगलोरी कौलं. बाकी सगळं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. भिंती अडीच फुटांच्या, घडीव काळ्या दगडाच्या. माडीच्या भिंती मात्र विटांच्या. माजघराच्या भिंतीत बळद आहे. धान्य माडीवरून ओतायचं आणि खाली जमिनीपासून हातभर उंचीवरच्या भोकातून काढायचं. भोकाला लाकडी बोळा. तो आजीच्या हाताने इतका गुळगुळीत झालाय की अंधारातही हाताला लागला की कळतं.

अंगणापलीकडे विहीर आहे. मोट ओढताना बैल चालायचे ती धाव बुजली, पण मोटेचं पाणी पडायचं ते दगडी थारोळं अजून तसंच आहे.

परवा एक कौल खाली पडलं. त्याच्या पाठीवर इंग्रजीत 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५' असा उठाव आहे. म्हणजे घर १८६५ चं धरायचं का? आणि अशा घराला सरकारी संरक्षण मिळतं का? ते मिळालं तर पाडायचा विषयच संपेल, असं मला वाटतंय.

---

चुनखडी | ८ जून, रात्री ११:५०

ताई, सगळ्यात आधी दोन कामं उद्या सकाळी करा. बाकीचं नंतर बोलू.

एक, त्या भिंतीवर ज्या तुळया-कड्या टेकल्या आहेत त्यांना आतून टेकू द्या. सागाचे किंवा निलगिरीचे वासे चालतील. खाली फळी, वर फळी, मध्ये पाचर. दोन, त्या भिंतीच्या माथ्यावर धाब्याचं पाणी कुठून येतंय ते बघा. भिंत आपण होऊन फुगत नाही. तिच्या पोटात पाणी गेलेलं असतं.

सिमेंट लावू नका हे मी हात जोडून सांगतो. मी बांधकामातलाच माणूस आहे. जुनी घरं दुरुस्त करतो, म्हणजे बऱ्याचदा आधीच्या दुरुस्तीचीच दुरुस्ती करतो. तुमची भिंत म्हणजे एक भिंत नाही, दोन आहेत. बाहेरची घडीव दगडांची, आतली ओबडधोबड दगडांची, आणि मधल्या जागेत खपल्या, मुरूम, माती. या दोघींना धरून ठेवतो तो भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड. तो नसला, किंवा मधली माती भिजून खाली बसली, की बाहेरची पाळी, म्हणजे बाहेरची भिंत, सुटते. यालाच आपण पोट काढणं म्हणतो.

आपला काळा पाषाण पाणी जवळपास पीतच नाही. भिंतीतलं पाणी ये-जा करतं ते सांध्यांतून. सांधा चुन्याचा किंवा मातीचा असेल तर आत गेलेला ओलावा उन्हात तिथूनच बाहेर पडतो. वरून सिमेंटचा गिलावा केला की ती वाट बंद होते. पाणी आतच राहतं, जोत्यापासून वर चढतं, आणि कडीचं भिंतीत गेलेलं टोक कुजवतं. वरून भिंत छान दिसते. पाच-सात वर्षांनी कडी तुटते तेव्हा कळतं.

कौलाबद्दल: १८६५ हे ती फॅक्टरी सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नाही. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना त्या वर्षी काढला आणि पुढे कित्येक वर्षं साच्यात तेच साल ठेवलं. तेव्हा त्यावरून एवढंच म्हणता येईल की माडीचं छप्पर १८६५ च्या नंतरचं.

फोटो टाका. भिंतीचा बाजूने काढलेला, माथ्यावरून ओळंबा (वजन बांधलेली दोरी) खाली सोडलेला.

---

काळी_पांढरी | ९ जून, सकाळी ७:२०

गोदाकाठ, आपला धागा वाचून बरे वाटले. मी महसूल खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. वास्तुकलेतले मला फारसे कळत नाही. पण घर मळ्यात आहे या एका गोष्टीवर मी लिहू इच्छितो, कारण माझ्या मते तिथेच त्याचा इतिहास आहे.

आपल्याकडे गावाचे दोन भाग. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे शेतीची. पिढ्यान्‌पिढ्या माणूस राहिला पांढरीत आणि राबला काळीत. दिवस मावळला की औते-बैल घेऊन गावकुसाच्या आत यायचे. यामागे दोन कारणे होती. पहिले भीतीचे. वीस-पंचवीस कोसांवरून घोडेस्वार येऊन उभे पीक आणि कणगीतले धान्य नेत असतील, तर एकट्या मळ्यात कोण झोपेल? पेंढाऱ्यांचा काळ आठवा. म्हणूनच या भागात जुने मोठे दगडी बांधकाम दिसते ते गढीच्या किंवा वाड्याच्या रूपात. विंचूरला विंचूरकरांची गढी आहे, चांदोरीला हिंगण्यांचा वाडा आहे. हे सरदार-वकिलांचे. कुणब्याचे दगडी घर, तेही काळीत, ही पुष्कळ नंतरची गोष्ट.

दुसरे कारण जमिनीचे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर जड भिंत उभी राहत नाही. मुरूम लागेपर्यंत पाया खणावा लागतो. तेवढा खर्च करायचा तर हातात पैसा हवा, आणि पैसा येतो बागायतीतून. आपल्या घराचे कमरेवर येणारे जोते आणि शेजारची दगडी विहीर ही म्हणूनच मला जोडी वाटते. आधी विहीर, मग ऊस किंवा बागाईत, मग घर.

इंग्रजांचा अंमल इकडे १८१८ मध्ये आला. मोजणी झाली, सारा ठरला. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि नाशिकचा माल मुंबईला जाऊ लागला. मंगलोरी कौले मळ्यापर्यंत पोचण्याचा रस्ताही बहुधा तोच.

साल शोधायचे तर भूमी अभिलेख कार्यालयात जा. आपल्या सर्व्हे नंबरचे जुने टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा), गुणाकार बुक (क्षेत्रफळाचा हिशेब) आणि आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) यांच्या नकला मागा. टिपणात विहीर दाखवलेली असते. घर आहे की नाही तेही पाहा. घरात मोडी कागद असतील तर ते पेटीतून काढून सावलीत वारा द्या, उन्हात नको.

---

सिन्नरचा_बाळू | ९ जून, दुपारी १:०५

ताई, आमचंबी धाब्याचंच घर आहे, सिन्नरच्या पूर्वेला. भिंतीचं चुनखडी दादांनी सांगितलं तसंच करा. मी धाब्याचं सांगतो, कारण मला खात्री आहे तुमचं पाणी तिथनंच शिरलंय.

आमचे आजोबा दर वैशाखात धाब्यावर खारी माती टाकायचे. एक वर्ष चुकवायचे नाहीत. लोकांना वाटतं माती ती माती. तसं नसतं. साधी काळी टाकली तर भेगा पडतात, मुरूम टाकला तर गळतो. खारी माती ओढ्याकाठी, चोपणात मिळते. वर पांढरं फुटलेलं असतं, तिथं गवत उगवत नाही. ती पावसाच्या पहिल्या सरीला फुलते आणि साबणासारखी चिकट होऊन सगळी छिद्रं बुजवते. मग कितीबी पाऊस पडू दे.

खालचे थर असे. सागाच्या कड्या. त्यांच्यावर आडवी किलचण, म्हणजे चिरलेली बारीक लाकडं, अंगाला अंग लावून. मग तरवडाचा नाहीतर निरगुडीचा पाला. निरगुडी असली की वाळवी कमी लागते. मग चिखल तुडवून, आणि सगळ्यात वर खारी माती वीतभर. उतार पन्हळीकडं. पन्हळ भिंतीपासून हात-दीड हात तरी बाहेर पाहिजे, म्हंजे पाणी जोत्यावर पडत नाही.

तुमच्या पश्चिमेच्या भिंतीवरची पन्हळ बघा. तुंबली असंल नाहीतर तुटली असंल.

धाबं फक्त आमच्या-तुमच्याकडंच चालतं हो. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तिथं उतरतं कौलारूच पाहिजे. आमच्याकडं पाचशे-सहाशे. एका जिल्ह्यात दोन तऱ्हेची घरं का, तर पावसानं.

---

गोदाकाठ | १० जून, रात्री ९:३०

बाळूदादा, तुम्ही इथे बसून कसं ओळखलंत? पन्हळ तुटलेलीच आहे. बाहेर आलेला तुकडाच नाही, फक्त भिंतीतलं भोक आहे. आणि त्या भोकाच्या बाजूला पिंपळाचं रोप, मनगटाएवढं मूळ भिंतीत. मामी म्हणाल्या, तीन-चार वर्षं झाली, पिंपळ तोडायचा कसा म्हणून कुणी हात लावला नाही.

टेकू लावलेत. मामांनी स्वतः लावले. सकाळी फोनवर मला म्हणाले, "सहा वासे लागले." एवढंच. पण आवाज बरा होता.

खारी माती शेवटची कधी टाकली ते विचारलं. आजोबा गेल्यापासून नाही. म्हणजे अकरा वर्षं. त्याऐवजी दोनदा ताडपत्री आणि एकदा काळं डांबर.

---

मांजरातीर | ११ जून, सकाळी ११:१०

मी वेगळं मत मांडते आहे, राग मानू नका. मी मूळची लातूर जिल्ह्यातली, लग्नानंतर नाशिकला आले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमचं गाव थोडं लांब, म्हणून आम्ही वाचलो. पण आत्याचं घर गेलं, आणि आत्या गेली. जवळपास आठ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक अशाच जाड दगडी भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद असलेल्या घरांत.

तुम्ही सगळे ज्याला वारसा म्हणताय त्याच्याखाली मी झोपू शकत नाही. अजूनही. नाशिकला पहिल्यांदा सासऱ्यांच्या गावी गेले तेव्हा रात्रभर ओसरीवर बसून काढली.

माझं एवढंच म्हणणं आहे की घरात माणसं राहतात. मामा-मामींचं वय काय? आधी त्यांना बाहेर काढा, मग भिंतीचा विचार करा.

---

चुनखडी | ११ जून, रात्री १०:४०

मांजरातीर ताई, तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे आणि मी ते पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. गोदाकाठ, भिंतीचं काम होईपर्यंत पश्चिमेकडच्या खोलीत कुणी झोपू नये. खाट पूर्वेला हलवा, आजच.

किल्लारीत काय झालं यावर नंतर पुष्कळ अभ्यास झाला. भिंती दगड-मातीच्या, दोन पाळ्यांना जोडणारे आरपार दगड नाहीत, आणि वर दरवर्षी माती टाकत गेल्याने फार जड झालेलं माळवद. हादरा बसला तशा पाळ्या सुटल्या, भिंती आतबाहेर कोसळल्या. मात्र ज्या घरांत छत लाकडी खांबांवर तोललेलं होतं, तिथे पुष्कळदा भिंती पडल्या तरी लाकडाचा सांगाडा उभा राहिला. नाशिक भूकंपाच्या नकाशावर मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात येतं. तेव्हा ही चिंता आपल्यालाही आहेच.

म्हणून दोन गोष्टी तपासायच्या. घराचं छत खांबांवर आहे की नुसतं भिंतींवर? आणि आरपार दगड आहेत का? नसतील तर आता घालता येतात. दर दोन फूट उंचीला आणि दर चार फूट लांबीला एक, असं प्रमाण दगडी घरांच्या मार्गदर्शक नियमांतच दिलेलं आहे. बाळूदादांना एक विनंती: नवी खारी माती टाकण्याआधी जुनी खरवडून काढायची. वर नुसती टाकत गेलं की वजन वाढतं.

---

सिन्नरचा_बाळू | १२ जून, सकाळी ६:५०

बरोबर आहे दादा. आजोबा आधी खरवडायचे, मग टाकायचे. मी ते लिहायचं विसरलो. मांजरातीर ताई, तुमच्या आत्याचं वाचून फार वाईट वाटलं.

---

ओटी_भरली | १२ जून, दुपारी ३:३०

माझं माहेर दिंडोरीचं आणि मी अशाच घरात वीस वर्षं काढली. दोन शब्द बायकांच्या बाजूने.

ओसरीचे खांब आणि तळखडे सगळ्यांना दिसतात, कारण पाहुणा तिथेच बसतो. माजघरात दुपारी बारालाही दिवा लागायचा. स्वयंपाकघराला एक वीतभर खिडकी आणि धाब्यात धूर जायला एक भोक, म्हणजे सवणं. पाऊस लागला की त्या सवण्यावर परात उपडी घालायची, म्हणजे धूर आतच. माझ्या आजीचे डोळे त्या धुरात गेले. बाळंतिणीची खोली सगळ्यात आत, सगळ्यात अंधारी.

घर टिकवा, जरूर टिकवा. पण टिकवताना मामींना विचारा की त्यांना कुठे उजेड हवा आहे. खांब जपले आणि चूल तिथेच ठेवली, तर ते घर फक्त बघणाऱ्यांसाठी टिकेल.

---

गोदाकाठ | १२ जून, रात्री ८:००

ओटी_भरली ताई, तुमचा प्रतिसाद मी आईला आणि मामींना फोनवर वाचून दाखवला. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या आईने कधी तक्रार केली नाही, पण दुपारी जरा वेळ मिळाला की ती धान्य निवडायला ओसरीवर यायची. आम्हाला वाटायचं गप्पांसाठी येते."

मामींनी लगेच सांगितलं: स्वयंपाकघराच्या दक्षिणेच्या भिंतीत खिडकी. त्यांच्या मनात ती बरीच वर्षं आहे, नुसतं कुणी विचारलं नव्हतं.

चुनखडी दादा, छत खांबांवर आहे. भिंतीतही खांब आहेत, अर्धे बुजलेले. ते आजवर मला माहीतच नव्हतं!

---

दिंडी_दरवाजा | १३ जून, सकाळी १०:२५

संरक्षणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वकिली करतो, या विषयातली दोन-तीन प्रकरणं पाहिली आहेत.

संरक्षित म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. केंद्राचं संरक्षण १९५८ च्या कायद्याखाली. आपल्याकडची पांडवलेणी किंवा सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर त्यात येतात. शंभर मीटरच्या आत बांधकाम बंद आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीने, हा २०१० चा नियम याच स्मारकांना लागू आहे. राज्याचं संरक्षण १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली. नाशिकच्या सराफ बाजारातला सरकारवाडा आणि चांदवडचा होळकरांचा रंगमहाल ही राज्य संरक्षित स्मारकं. तिसरी वारसा यादी. ती नियोजन प्राधिकरण करतं, शहरात महापालिका. तीत श्रेणी असतात आणि मालकाला काही वेळा हस्तांतरणीय विकास हक्क (न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा) मिळतो.

गोदाकाठ, स्पष्ट सांगतो. एका कुटुंबाचं मळ्यातलं घर राज्य संरक्षित व्हायची शक्यता फार कमी आहे. आणि झालं तरी संरक्षण म्हणजे दुरुस्ती नव्हे. खारी माती टाकायला सरकार येणार नाही. उलट मामींची खिडकी पाडायलाही परवानगी लागेल. सरकारवाडा वर्षानुवर्षं किती वाईट अवस्थेत होता हे नाशिककरांना सांगायला नको.

खरं संरक्षण तुमच्या घरातल्या कागदावर होईल. दोन्ही मामांची वाटणी झाली आहे का? सातबारावर दोघांची नावं असतील आणि घर सामाईक असेल, तर पाडायला दोघांची संमती लागेल, आणि दुरुस्तीचा खर्चही दोघांचा. ते आधी लिहून घ्या. शेजारी बसून, प्रेमाने, पण लिहून.

---

काळी_पांढरी | १३ जून, सायंकाळी ५:४०

वकीलसाहेबांशी सहमत. फक्त एक जोड. सरकारवाड्याला एकदा मामांना घेऊन जाच. पुरातत्त्व खात्याचे कार्यालय तिथेच आहे. पण मी त्यासाठी सांगत नाही. खालचे काळ्या दगडाचे काम आणि वरचे सागवान नीट पाहा. खाली दगड, वर वीट आणि लाकूड, खणांत मोजलेले घर. पेशवाईतल्या सरकारी वाड्याची आणि आपल्या मळ्यातल्या घराची भाषा एकच आहे. बांधणारे पाथरवट आणि सुतार याच परंपरेतले. धाकट्या मामांना हे कागदावर पटणार नाही, तिथे उभे राहून पटेल.

---

गोदाकाठ | १७ फेब्रुवारी, रात्री ९:१०

मंडळी, आठ महिन्यांनी धागा वर आणतेय. पावसाळाभर टेकूवर काढला, दिवाळीनंतर काम सुरू झालं, आज भिंत पूर्ण झाली.

जुलैत दोन्ही मामांना घेऊन सरकारवाड्यात गेले होते. धाकटे मामा अर्धा तास एका खांबाजवळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपला तळखडा जास्त चांगला कोरलाय." वकीलसाहेब, त्याच आठवड्यात कागद झाला. खर्च निम्मा निम्मा.

भिंत उतरवायला चुनखडी दादा स्वतः दोनदा आले, पैसे घेतले नाहीत. प्रत्येक दगडावर खडूने नंबर घातला. थर एक, दगड एक, असं. अंगणात त्याच क्रमाने मांडले. मग पोटातलं निघालं ते असं: फुगलेल्या पट्ट्यात एकही आरपार दगड नव्हता. बाहेरच्या दगडांना तोंड घडीव आणि मागे निमुळतं शेपूट, त्यामागे नुसत्या खपल्या आणि चिखल. पण पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, न फुगलेल्या भिंतीत, आरपार दगड व्यवस्थित होते. म्हणजे तेवढा भाग मूळचा नाहीच.

तेव्हा थोरले मामा बोलले. १९६९ च्या पुरात पाणी मळ्यात शिरलं होतं, त्यात ही बाजू खचली. आजोबांकडे तेव्हा पैसा नव्हता. मिळेल त्या माणसाकडून घाईने भिंत भरून घेतली. मामा तेव्हा बारा वर्षांचे, दगड वाहायला होते. "तेव्हाच मला ती कच्ची वाटली होती," म्हणाले. आणि त्या भरावात जात्याची खालची तळी निघाली, दोन तुकडे झालेली. मामांनी ती ओळखली. त्यांच्या आजीचं जातं, पुरात फुटलेलं. ती भिंतीत गेली हे त्यांना माहीत नव्हतं. ती परत भिंतीत घातली नाही. दोन्ही तुकडे तुळशीजवळ ठेवलेत.

भूमी अभिलेखातून टिपणाची नक्कल मिळाली. काका, तुमचा अंदाज खरा ठरला. विहीर दाखवली आहे, घर नाही. आधी विहीर, मग घर.

चुन्याचं थोडं सांगते, कुणाला उपयोग होईल. कळीचा चुना आणून अंगणात खड्ड्यात विझवला आणि तीन आठवडे पाण्याखाली झाकून ठेवला. बैलाने फिरवायची चुन्याची घाणी कुठे मिळाली नाही, म्हणून गिरणीत मळला: एक भाग चुना, दोन भाग चाळलेली वाळू, थोडी सुर्खी, म्हणजे विटांची पूड. हिरडा आणि गूळ भिजवून त्याचं पाणी. अंगणाला आठवडाभर गुऱ्हाळासारखा वास होता. दर दोन फुटांवर आरपार दगड घातले, घरच्याच बांधावरचे. सांधे भरल्यावर ओलं गोणपाट. मामी दिवसातून चार वेळा पाणी मारतात. हवेतूनच तो हळूहळू घट्ट होतो, सिमेंटसारखी घाई करत नाही. काम धरलं तेव्हा गवंड्याला हे पटत नव्हतं, आता तो स्वतःच गोणपाट तपासतो.

पिंपळाचं मूळ पूर्ण काढलं. रोप मामांनी ओढ्याच्या काठी लावलं, जगलंय.

दक्षिणेची खिडकी झाली. दगड कापावे लागले म्हणून मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटलं. मामी सकाळी भाकरी थापताना तव्यावर ऊन येतं.

मांजरातीर ताई, तुमच्यामुळे छताचं वजन कमी केलं. जुनी माती आणि डांबराचे थर खरवडले, वीतभराच्या वर निघाले. तुम्ही एकदा याल का? रात्री राहायचा आग्रह नाही. दुपारी जेवून जा.

आता धाबं राहिलंय. बाळूदादा, खारी माती कुठे मिळेल आणि किती लागेल? पाच खण लांब, तीन खण रुंद, आमचा खण पाच फुटांचा. माडीखालचे दोन खण वजा.

---

मांजरातीर | १७ फेब्रुवारी, रात्री ११:३०

येईन. खिडकी बघायला नक्की येईन.

---

सिन्नरचा_बाळू | १८ फेब्रुवारी, सकाळी ६:३५

ताई, दोन ट्रॉली बस होतील. आमच्या ओढ्याला चोपण आहे, तिथली देतो. विकत नाही. ट्रॅक्टरचं डिझेल तेवढं तुमचं. पण आत्ता नको, ओलसर असती. अक्षय्य तृतीयेनंतर कडक ऊन धरून आणू. तोवर पन्हळ बसवून घ्या, लाकडाची, दीड हात बाहेर. आणि माती टाकायच्या दिवशी घरातली चार माणसं वर पाहिजेत, अनवाणी. खाली काय लागतंय ते पायालाच कळतं.

---

गोदाकाठ | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

चार नाही, सहा असतील. धाकटे मामाही येतो म्हणालेत. पन्हळीसाठी सागाचा तुकडा काढून ठेवलाय, जुन्याच कडीचा.